पेशींभोवतीची जमीन रक्तवाहिन्यांना काय सांगते

निपाणीजवळच्या एका गावातून बेळगावात येऊन जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थ्याने मला काही प्रश्न पाठवले आहेत. परलेकन नावाचे एकच प्रथिन एका शोधनिबंधात नव्या रक्तवाहिन्या वाढवते आणि दुसऱ्यात त्या थांबवते, हे कसे? डेकोरिन हे दुसरे प्रथिन तर पेशीच्या बाहेर कोलॅजनच्या तंतूंना बिलगून असते, मग ते पेशीच्या आतली ऑटोफॅजी, म्हणजे पेशीने स्वतःचेच जीर्ण भाग पचवणे, कशी सुरू करते? ऑटोफॅजी जर उपाशी पेशीला जगवणारी प्रक्रिया असेल, तर तिला कर्करोगाच्या गाठीच्या विरोधातली का मानायचे? शेवटी, काहीशा संकोचाने, त्यांनी लिहिले आहे की वडिलांना मधुमेह आहे, तळपायाची जखम दोन महिने भरत नाही, आणि उपवास केला की ऑटोफॅजी वाढून जखम आपोआप भरते असे कोणीतरी त्यांना सांगितले आहे. त्यात कितपत तथ्य आहे?

मी बेळगावात गेली सत्तावीस वर्षे विकृतिशास्त्राचे काम करते, म्हणजे रोज सूक्ष्मदर्शकाखाली ऊती पाहते. तुमचा शेवटचा प्रश्न पहिल्या तिन्हींपासून वेगळा नाही, म्हणून सगळ्यांचे उत्तर एकाच ओघात देते.

सुरुवात त्या जागेपासून करू, जी नेहमीच्या काचपट्टीवर रिकामी दिसते. हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन या रोजच्या रंगांत पेशींची केंद्रके निळी-जांभळी, कोलॅजन गुलाबी, आणि त्यांच्यामधली जागा फिकट, जवळजवळ पांढरी उठते. विद्यार्थिदशेत आम्ही त्या पांढऱ्या जागेवरून नजर सरळ पुढे नेत असू. नंतर एकदा मधुमेही रुग्णाच्या पायाच्या, भरत आलेल्या जखमेचा तुकडा माझ्याकडे आला तेव्हा मी त्याच ठोकळ्यातून शेजारचा काप घेऊन तो अल्शियन ब्लूने रंगवला. मघाची पांढरी जागा आकाशी निळ्या धुक्याने भरून आली होती. जखमेच्या तळाकडून पृष्ठभागाकडे जवळजवळ उभ्या रेषेत चढणाऱ्या कोवळ्या केशवाहिन्या, त्यांच्या भिंतीतील फुगीर केंद्रकांच्या एंडोथेलियल पेशी, आणि प्रत्येक वाहिनीच्या टोकाभोवती तो निळा थर. त्याच तुकड्याच्या दुसऱ्या कडेला, जिथे व्रण पक्का होत आला होता, तिथे निळेपणा ओसरला होता, गुलाबी कोलॅजन दाट झाले होते आणि वाहिन्या मोजक्या उरल्या होत्या. एक खुलासा इथेच करायला हवा. अल्शियन ब्लू आम्लधर्मी शर्करासाखळ्या दाखवतो, त्या कोणत्या प्रथिनाच्या आहेत हे सांगत नाही, आणि त्या निळ्यात प्रथिनाचा गाभा नसलेले हायलुरोनान हेही असते. त्यामुळे त्या रंगावरून ‘हे डेकोरिन’ किंवा ‘हे परलेकन’ असे म्हणता येत नाही. त्यासाठी प्रतिपिंडांनी रंगवावे लागते. पण वाहिन्या कुठे वाढतात आणि कुठे थांबतात याचा त्या मधल्या द्रव्याशी संबंध आहे, हे मला पुस्तकापेक्षा त्या काचेने पटवले.

हे मधले द्रव्य म्हणजे पेशीबाह्य आधारद्रव्य, ज्याला आपण प्रयोगशाळेत मॅट्रिक्स म्हणतो. त्यातील प्रोटिओग्लायकन म्हणजे प्रथिनाचा एक गाभा आणि त्याला जोडलेल्या, सल्फेटचे ऋणभार वाहणाऱ्या लांब शर्करासाखळ्या: हेपरान सल्फेट, कॉन्ड्रॉइटिन सल्फेट, डर्माटान सल्फेट वगैरे. गाभा आणि साखळ्या ही दोन वेगळी अंगे आहेत आणि ती वेगवेगळी कामे करतात. परलेकनचे कोडे सुटते ते याच भेदातून.

साखळ्यांचे काम समजावताना मी आपल्या भागातील विद्यार्थ्यांना जमिनीचे उदाहरण देते, आणि ते नुसते अलंकारिक नाही, कारण दोन्हीकडचे रसायनशास्त्र खरोखरच सारखे आहे. खानापूरकडची तांबडी जांभ्याची जमीन आणि बेळगावच्या पूर्वेला, बैलहोंगल-सौंदत्तीच्या बाजूला लागणारी काळी जमीन यांत एकच खत घातले तरी पीक सारखे येत नाही. काळ्या मातीतील चिकणकणांवर पुष्कळ ऋणभार असतो. अमोनियम, पोटॅश, कॅल्शियम यांचे धनभारित कण ती धरून ठेवते आणि मुळांना लागेल तसे सोडते. जांभ्याच्या मातीची ही धरून ठेवण्याची ताकद कमी असते, त्यामुळे पावसाच्या एका झडीत बरेचसे खत वाहून जाते. हेपरान सल्फेटच्या साखळ्या हेच करतात. रक्तवाहिन्या वाढवणारे व्हीईजीएफ आणि एफजीएफ-२ हे वृद्धीघटक अंगावर धनभारित पट्टे बाळगतात, त्या पट्ट्यांनी ते साखळ्यांना धरतात, आणि त्यामुळे ते ऊतीत पसरून वाया न जाता नेमक्या जागी, नेमक्या चढउताराने साठून राहतात.

व्हीईजीएफच्या बाबतीत याचा पुरावा फार सुंदर आहे. एकाच जनुकापासून या घटकाची लांबीने वेगळी अनेक रूपे तयार होतात. माणसातील १२१ अमिनो आम्लांचे रूप हेपरान सल्फेटला जवळजवळ धरत नाही, १६५ चे रूप मध्यम धरते आणि १८९ चे घट्ट धरते. उंदरांत प्रत्येक रूप एका अमिनो आम्लाने आखूड असते. ज्या उंदरांत फक्त १२० चे, म्हणजे मॅट्रिक्सला न चिकटणारे रूप ठेवले, त्यांच्यात वाहिन्या तयार झाल्या, परंतु त्या रुंद आणि कमी फांद्यांच्या झाल्या. फक्त १८८ चे, घट्ट चिकटणारे रूप ठेवले तेव्हा वाहिन्या बारीक आणि प्रमाणाबाहेर फांद्या फुटलेल्या झाल्या. घटकाने सुटून पसरावे की जागेवर थांबावे, एवढ्या फरकाने वाहिन्यांच्या जाळ्याचा आकार बदलला. एफजीएफ-२ ची गोष्ट याच्याही पुढची आहे. १९९१ मध्ये दाखवले गेले की पेशीच्या पृष्ठभागावर हेपरान सल्फेट नसेल तर एफजीएफ-२ स्वतःच्या ग्राहीला, म्हणजे पेशीवरील निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, नीट बांधलेच जात नाही. साखळी इथे कोठाराचे काम करते आणि घटक व ग्राही यांना एकत्र धरून ठेवण्याचेही करते.

आता परलेकन. हे आकाराने प्रचंड प्रथिन आहे. नुसता गाभाच सुमारे ४७० किलोडाल्टनचा (किलोडाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक). त्याचे पाच भाग एकापुढे एक गुंफलेले असतात, आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ते मोत्यांच्या माळेसारखे दिसले म्हणून त्याला हे नाव पडले. त्याच्या पहिल्या टोकाला हेपरान सल्फेटच्या साखळ्या असतात आणि ते रक्तवाहिन्यांच्या आधारपटलात, म्हणजे एंडोथेलियल पेशी ज्या पातळ पडद्यावर बसतात त्यात, मुबलक असते. १९९९ मध्ये परलेकनचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांचे वर्णन प्रसिद्ध झाले: बरेच गर्भ दहाव्या दिवसाच्या आसपास हृदयाचे आधारपटल फाटून दगावले आणि जे पुढे गेले ते कूर्चेच्या गंभीर दोषांसह जन्मतःच मेले. दुसऱ्या एका प्रयोगात परलेकन तसेच ठेवून फक्त पहिल्या टोकाचा, साखळ्या जोडल्या जाण्याचा तुकडा काढला. हे उंदीर जगले, पण त्यांच्या जखमा उशिरा भरल्या, एफजीएफ-२ ने होणारी वाहिन्यांची वाढ मंदावली आणि रोपण केलेल्या गाठीही कमी वाढल्या. म्हणजे अखंड परलेकन, त्याच्या साखळ्यांमुळे, वाहिन्यांच्या वाढीच्या बाजूने काम करते. तुम्ही वाचलेला पहिला शोधनिबंध या बाजूचा असावा.

दुसरी बाजू माळेच्या दुसऱ्या टोकाला आहे. परलेकनचा शेवटचा भाग, सुमारे ८५ किलोडाल्टनचा, तुटून वेगळा होऊ शकतो. फिलाडेल्फियाच्या थॉमस जेफरसन विद्यापीठातील रेनाटो इओझो यांच्या प्रयोगशाळेने २००३ मध्ये या तुकड्याचे वर्णन केले आणि त्याला एंडोरेपेलिन हे नाव दिले. हा तुकडा एंडोथेलियल पेशींना हलू देत नाही आणि नळ्या रचू देत नाही. त्यात गोलाकार तीन खंड असतात. पहिले दोन व्हीईजीएफआर-२ या व्हीईजीएफच्या ग्राहीला धरतात, तिसरा अल्फा-२ बीटा-१ या इंटिग्रिनला, म्हणजे पेशीला मॅट्रिक्सशी बांधणाऱ्या ग्राहीला, धरतो, आणि हे दोन्ही एकाच वेळी धरले गेले की एसएचपी-१ नावाचे फॉस्फेट उतरवणारे विकर (एन्झाइम) कामाला लागते, व्हीईजीएफआर-२ वरील फॉस्फेट काढून टाकते आणि पेशीच्या आतील अ‍ॅक्टिनची चौकट कोसळते. ज्या पेशीवर दोन्ही ग्राही असतात तिच्यावरच हा परिणाम पूर्णपणे होतो, आणि असा जोड प्रामुख्याने एंडोथेलियल पेशींवर सापडतो. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की दोन्ही शोधनिबंध खरे आहेत. त्यांनी एकाच जनुकाच्या उत्पादनाची दोन वेगळी रूपे तपासली आहेत. अखंड रेणू ‘वाढा’ म्हणतो. तोच रेणू कापला गेला की त्याचे शेपूट ‘थांबा’ म्हणते. कापणारी विकरे, उदाहरणार्थ बीएमपी-१ च्या कुळातील, केव्हा आणि किती सक्रिय आहेत यावर त्या जागेचा अंतिम हुकूम ठरतो. त्यामुळे यापुढे कोणत्याही निबंधात ‘परलेकन’ हा शब्द दिसला की आधी पद्धतींचा भाग उघडून त्यांनी नेमका कोणता तुकडा वापरला ते पाहत जा.

असे दडलेले तुकडे केवळ परलेकनमध्ये नाहीत. बोस्टनच्या ज्यूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडले होते की गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढायची तर तिला नव्या रक्तवाहिन्या लागतात. त्यांच्याच प्रयोगशाळेने १९९७ मध्ये एंडोस्टॅटिन शोधले, आणि तो सुमारे २० किलोडाल्टनचा तुकडा कोलॅजन-१८ चे टोक निघाला. कोलॅजन-१८ स्वतःही हेपरान सल्फेटच्या साखळ्या वाहणारे प्रोटिओग्लायकनच आहे.

डेकोरिन याउलट लहान आहे: सुमारे ४० किलोडाल्टनचा, कमानीसारखा वाकलेला गाभा आणि त्याला जोडलेली कॉन्ड्रॉइटिन किंवा डर्माटान सल्फेटची एकुलती एक साखळी. कोलॅजनच्या तंतूंवर ठरावीक अंतराने बसून ते तंतूंची जाडी सारखी राखते. १९९७ मध्ये डेकोरिनविरहित उंदीर तयार झाले तेव्हा त्यांची कातडी थोड्या ताणाने फाटत होती आणि कोलॅजनचे तंतू जाड-बारीक, वेडेवाकडे होते. त्याआधीच, १९९० मध्ये, ते टीजीएफ-बीटा या वृद्धीघटकाला बांधून निष्प्रभ करते हे दाखवले गेले होते. पुढील वीस-पंचवीस वर्षांत लक्षात आले की हा रेणू पेशीवरील कितीतरी ग्राहींना थेट धरतो: ईजीएफआर, मेट, आयजीएफ-१ चा ग्राही आणि व्हीईजीएफआर-२. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवरील मेटला धरल्यावर ते एचआयएफ-१ अल्फा हे व्हीईजीएफचे जनुक चालू करणारे प्रथिन घटवते, त्यामुळे पेशी व्हीईजीएफ कमी बनवते आणि वाहिन्यांना रोखणारे थ्रॉम्बोस्पॉन्डिन-१ व टिंप-३ जास्त सोडते.

इतके वाचून डेकोरिन म्हणजे वाहिन्यांना रोखणारे प्रथिन असे एका ओळीत वहीत लिहून ठेवण्याचा मोह होतो. तो आवरावा. डेकोरिनविरहित उंदरांच्या डोळ्याच्या कॉर्नियाला इजा केली तेव्हा तिथे नव्या वाहिन्या सामान्य उंदरांपेक्षा कमी आल्या. हे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच प्रकारच्या उंदरांच्या कातडीला जखम केली तेव्हा नव्या वाहिन्या जास्त आल्या, आणि तरीही जखम उशिरा भरली. हे २००६ मध्ये. दोन्ही प्रयोग मला विश्वासार्ह वाटतात. कॉर्निया ही वाहिन्याच नसलेली, कोलॅजनची काटेकोर रचना असलेली ऊती आहे आणि तिथे शिरणाऱ्या पेशीला तंतूंवर पाय रोवायला आधार लागतो. कातडीत वाहिन्यांचे जाळे आधीच हजर असते आणि टीजीएफ-बीटा व व्हीईजीएफ यांचा पूर असतो. डेकोरिनचे उत्तर प्रश्नावर अवलंबून असते, असा याचा अर्थ मी घेते. दुसऱ्या प्रयोगातील एक गोष्ट वडिलांच्या जखमेसाठी लक्षात ठेवा: वाहिन्या जास्त असणे आणि जखम भरणे या एकच गोष्टी नाहीत.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, जो मला सर्वांत मोलाचा वाटतो. ऑटोफॅजी हा शब्द क्रिस्टियन द डूव्ह यांनी १९६३ मध्ये दिला. यीस्टमध्ये तिची जनुके शोधल्याबद्दल योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल मिळाले. पेशी स्वतःच्या आतील जीर्ण भागांभोवती दुहेरी पटलाची पिशवी तयार करते, ती लायसोसोमला, म्हणजे पेशीतल्या पाचक विकरांच्या पिशवीला, जोडते आणि आतले सारे पचवून कच्चा माल परत वापरते. अन्न संपले की हे वाढते, कारण एम-टॉर हा पहारेकरी अन्न असेपर्यंत ऑटोफॅजीला दाबून ठेवतो आणि एएमपीके हा ऊर्जेचा मापक तुटवडा दिसताच तिला मोकळी करतो. आजवर हे सारे पेशीच्या आतल्या पोटापाण्याच्या हिशेबाने चालते असे आपण शिकवत आलो. इओझो यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवले की एंडोथेलियल पेशींना अन्न भरपूर देऊन नुसते डेकोरिन घातले तरी ऑटोफॅजी सुरू होते.

मार्ग असा आहे. डेकोरिन व्हीईजीएफआर-२ ला धरते. त्यानंतर पेग-३ हे जनुक जास्त व्यक्त होते. पेग-३ हे फक्त पित्याकडून आलेल्या प्रतीतून व्यक्त होणारे जनुक आहे आणि अनेक गाठींमध्ये ते गप्प झालेले आढळते. पेग-३ मुळे बेक्लिन-१ आणि एलसी-३ या ऑटोफॅजीच्या दोन आवश्यक प्रथिनांचे उत्पादन वाढते. त्याचबरोबर एएमपीके सक्रिय होते आणि एम-टॉरचा दाब कमी होतो. पुढे २०१७ मध्ये दिसले की पेग-३ च्या पुढे टीएफईबी आहे, जे लायसोसोम आणि ऑटोफॅजीची पुष्कळ जनुके एकदम चालू करते. म्हणजे डेकोरिन ताबडतोबीचा इशाराही देते आणि दीर्घकाळ काम चालावे म्हणून नव्या प्रथिनांची बेगमीही करते. एंडोरेपेलिनही असेच करते, आणि ऑटोफॅजीसाठी त्याला व्हीईजीएफआर-२ पुरतो, इंटिग्रिन लागत नाही.

यातील एक बारकावा प्रश्नपत्रिकेत कधी येत नाही, पण तुम्ही तो नीट समजून घ्यावा असे मला मनापासून वाटते. व्हीईजीएफआर-२ ची किनेज क्रिया, म्हणजे फॉस्फेट जोडून निरोप आत पाठवण्याची क्रिया, रसायनाने बंद केली, तर डेकोरिन ऑटोफॅजी सुरू करू शकत नाही. डेकोरिन जर त्या ग्राहीचे निव्वळ रोधक असते, तर ग्राही आधीच बंद असल्याने काही बिघडायला नको होते. याचा अर्थ डेकोरिन कुलपात अडकलेल्या तुटक्या किल्लीसारखे वागत नाही. ते ग्राहीला अंशतः जागे करते, मात्र व्हीईजीएफ ज्या दिशेने पेशीला नेते त्याच्या वेगळ्या दिशेने नेते. एकच ग्राही, दोन भिन्न पाहुणे, दोन भिन्न निरोप. म्हणून वाहिन्यांची वाढ थांबणे आणि ऑटोफॅजी सुरू होणे हे डेकोरिनचे दोन सुटे गुण मानू नका. ती एकाच घटनेची दोन टोके आहेत.

ती दोन टोके प्रत्यक्ष जोडणारा दुवा २०२० मध्ये पुढे आला. एंडोथेलियल पेशी स्वतःसाठीही थोडे व्हीईजीएफए (वर ज्याला नुसते व्हीईजीएफ म्हटले तेच) बनवतात. डेकोरिनने ऑटोफॅजी सुरू केल्यावर हे व्हीईजीएफए ऑटोफॅजीच्या पिशव्यांत जाऊन पचवले जाते, आणि एटीजी-५ हे आवश्यक जनुक बंद केले तर ते पचत नाही, साठून राहते. त्याच वर्षी असेही दिसले की हायलुरोनान बनवणारे एचएएस-२ हे विकर ऑटोफॅजीनेच नष्ट केले जाते. म्हणजे पेशीबाहेरचा रेणू आतली पचनक्रिया सुरू करतो, आणि ती पचनक्रिया बाहेर जाणारा वाढीचा निरोप, तसेच बाहेरचे द्रव्य बनवणारे यंत्र, दोन्ही कमी करते. जमीन पिकाला बदलते आणि पीक जमिनीला. मघाच्या काचेवर निळा थर आणि कोवळ्या वाहिन्या एकत्र आणि एकत्रच ओसरताना दिसल्या, त्यामागे अशाच देवाणघेवाणी असाव्यात असे मला वाटते. पण एका स्थिर काचेवरून कारण सिद्ध होत नाही, हेही मी विद्यार्थ्यांना तितक्याच वेळा सांगते.

या विषयावर स्वतः प्रयोग करणार असाल तर एका चुकीपासून जपा. वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे प्रथिने पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीत, एलसी-३-२ ची (पिशव्यांच्या पटलाला जोडलेल्या एलसी-३ ची) पट्टी गडद झाली की ‘ऑटोफॅजी वाढली’ असे लिहिण्याची घाई होते. नाल्यात पाणी वाढलेले दिसले तर वरून पाऊस जास्त झाला असेल किंवा खाली मोरी तुंबली असेल. नुसत्या पातळीवरून दोन्हींत फरक कळत नाही. तसेच इथे पिशव्या जास्त तयार झाल्या किंवा लायसोसोमला जोडल्या न गेल्याने साचल्या, दोन्ही वेळा पट्टी गडदच होते. म्हणून बॅफिलोमायसिन-ए१ हे लायसोसोममधले पचन थांबवणारे रसायन घालून शेवटचा टप्पा मुद्दाम अडवायचा. डेकोरिन आणि बॅफिलोमायसिन एकत्र घातल्यावर पट्टी एकट्या बॅफिलोमायसिनपेक्षा आणखी गडद झाली, तर डेकोरिनने प्रवाह खरोखर वाढवला. जोडीला पी-६२ हे पचून जाणारे प्रथिन कमी होते का ते पाहावे. दोन दिवसांचे हे जास्तीचे काम आहे, पण ते न करता काढलेला निष्कर्ष मी परीक्षक म्हणून स्वीकारत नाही.

तुमचा तिसरा प्रश्न होता की जगवणारी ऑटोफॅजी गाठीच्या विरोधात कशी. ती दोन्ही बाजूंनी असते. बेक्लिन-१ ची एकच प्रत असलेल्या उंदरांत आपोआप गाठी जास्त होतात, म्हणजे निरोगी ऊतीत ऑटोफॅजी संरक्षक आहे; वाढून बसलेली गाठ मात्र रक्तपुरवठा तोकडा असलेल्या तिच्या गाभ्यात तग धरण्यासाठी त्याच प्रक्रियेचा आधार घेते. डेकोरिनच्या बाबतीत परिणाम कोणत्या पेशीत होतो ते महत्त्वाचे. एंडोथेलियल पेशीत ऑटोफॅजी दीर्घकाळ चालू राहिली की ती पेशी फिरण्याचे, विभागण्याचे आणि नळी रचण्याचे काम बाजूला ठेवते. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींत डेकोरिन मेटमार्गे मायटोस्टॅटिन या प्रथिनाला वाढवते आणि मायटोकाँड्रिया पचवले जातात. हे २०१४ चे काम आहे. दोन्ही ठिकाणी गाठीची बाजू पडते, पण दोन वेगळ्या वाटांनी. तिसऱ्या प्रकारच्या पेशीत चित्र पुन्हा बदलते. डेकोरिनचे जवळचे नातलग बायग्लायकन मॅक्रोफेज या भक्षक पेशींवरील टीएलआर-४ या ग्राहीला सीडी-१४ या सहग्राहीच्या सोबतीने धरते तेव्हा दाह पेटतो, आणि सीडी-४४ च्या सोबतीने धरते तेव्हा ऑटोफॅजी वाढून दाह निवळतो. म्हणून ‘ऑटोफॅजी चांगली की वाईट’ या प्रश्नाला, कोणती पेशी आणि कोणती वेळ हे कळल्याशिवाय, उत्तर नाही.

आता वडिलांबद्दल. उपवास आणि ऑटोफॅजी यांचा संबंध खोटा नाही. उंदरांना एक-दोन दिवस उपाशी ठेवले की त्यांच्या हृदयात डेकोरिन वाढते आणि ऑटोफॅजी वाढते, आणि डेकोरिन नसलेल्या उंदरांत हा प्रतिसाद बिघडतो. २०१५ च्या या निष्कर्षाबद्दल मला शंका नाही. परंतु हे निरोगी उंदराच्या हृदयाबद्दल आहे. तुमच्या वडिलांच्या पायाची अडचण ऑटोफॅजी कमी पडते ही असल्याचे कोणीही तपासलेले नाही. दीर्घकाळ न भरणाऱ्या मधुमेही जखमेत प्रथिने तोडणारी विकरे प्रमाणाबाहेर सक्रिय असतात. ती वृद्धीघटकांनाही तोडतात आणि ज्या आधारद्रव्यात ते घटक टिकायचे त्यालाही तोडतात. धुपलेल्या जमिनीत वरून खत टाकून पीक येत नाही, तसे अशा जखमेवर नुसते वृद्धीघटक लावूनही अपेक्षेइतका उपयोग होत नाही. त्या जखमेला नवे कोलॅजन, नवे डेकोरिन, नवे परलेकन बनवायचे आहे, आणि ते बनते अन्नातील प्रथिनांपासून. लांब उपवास नेमका हा कच्चा माल काढून घेतो. शिवाय ते इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेत असतील, तर जेवण टाळल्याने रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. डॉक्टरांनी औषधांची मात्रा बदलून दिल्याशिवाय एक वेळचे जेवणही सोडू देऊ नका.

श्रावणात किंवा एकादशीला ते श्रद्धेने उपवास करत असतील तर तो विषय त्यांच्या डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. त्यात कमीपणा नाही, आणि बहुतेक वेळा मार्ग निघतो. मात्र जखमेसाठी म्हणून उपवास नको. जखमेसाठी पुढील आठवड्यात करायच्या गोष्टी साध्या आहेत. पायाच्या नाड्या लागतात का आणि रक्तपुरवठा पुरेसा आहे का हे शल्यचिकित्सकाकडून तपासून घ्या, कारण मोठी धमनी अरुंद झालेली असेल तर केशवाहिन्यांबद्दलची आपली ही सारी चर्चा तिथे लागू पडत नाही. जखम हाडापर्यंत गेली आहे का हे एक्स-रे काढून पाहा. मेलेला भाग नियमित काढून घ्यावा लागतो. आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित गोष्ट म्हणजे त्या तळपायावरचा भार काढणे: संवेदना गेलेली असल्यामुळे दुखत नाही, म्हणून माणूस शेतात, गोठ्यात, बाजारात चालत राहतो, आणि रात्री उगवलेल्या कोवळ्या वाहिन्या दुसऱ्या दिवशी पायाखाली चिरडल्या जातात. भार कमी करणारे खास पादत्राण किंवा पायाचा साचा मिळेपर्यंत त्यांना अनवाणी किंवा साध्या चपलेवर मुळीच चालू देऊ नका, आणि जेवणात रोज डाळ, अंडे किंवा त्यांच्या चालीरीतीत बसेल ते प्रथिन, मूत्रपिंडाचा अहवाल पाहून डॉक्टर सांगतील त्या प्रमाणात, पोटात जाईल याकडे लक्ष ठेवा.